वकीलसाहेबांचा साइन नव्वद

लीलाधर वकील आमच्या शाळेचे चिटणीस होते. १९४४ साली जळगावात मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवणाऱ्या मंडळींना स्वतःचं मोठं कौतुक असे. वकीलसाहेबांना ते इतकं होतं, की दुसऱ्या कुणी करायला काही शिल्लकच राहू नये. गणित घेऊन बी.ए. झाल्याचं ते बक्षीस समारंभातसुद्धा सांगत.

वरचं गणित घेणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि शेवंता. शिकवायला प्रमिलाबाई. मुलीनं चूक केली तर बाई ती पुसू देत नसत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावत आणि म्हणत, "बरं, हे खरं धरू. मग पुढं काय होईल?"

त्या दिवशी फळ्यावर माझी चूक होती. साइन तीस अर्धा, म्हणून साइन साठ एक. कोन दुप्पट झाला तर साइनही दुप्पट होणार, यात मला शंका घेण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात वकीलसाहेब वर्ग तपासायला आले. त्यांनी फळा वाचला आणि मान डोलावली.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "कुणी काढलं?"

मी उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता की तो आठवून आजही लाज वाटते.

"ते चूक आहे, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "का चूक आहे तेच आता बघणार होतो."

"चूक आहे तर फळ्यावर कशाला? आणि चूक कशी? कोन दुप्पट झालाय."

"मग साइन नव्वद किती येईल?"

"तिप्पट. दीड," वकीलसाहेब म्हणाले. कोर्टात तारीख मागावी इतक्या सहज.

बाईंनी दाराशी उभ्या असलेल्या भटू शिपायाला आत बोलावलं आणि बारा इंची पट्टी टेबलावर धरायला सांगितली. एक टोक टेबलाला टेकलेलं, दुसरं वर उचललेलं. कोनमापक लावून त्यांनी आधी तीस अंश केले. टोकाची उंची मोजली, सहा इंच. पट्टीच्या निम्मी, म्हणजे साइन अर्धा. मग साठ अंश. शेवंतानं मोजलं.

"दहा इंच आणि वर जरासं. बारा नाही भरत, बाई."

माझा विश्वास बसेना. मी तिच्या हातातली मोजपट्टी घेऊन स्वतः मोजलं. तेवढंच भरलं. पहिल्या तीस अंशांत टोक सहा इंच चढलं होतं, पुढच्या तीसांत साडेचारही नाही. पट्टी उभी होत जाते तसं टोक वर कमी आणि आडवं जास्त सरकतं, हे मला तिथं दिसलं. मी आपणहून फळ्याकडं गेले आणि माझं उत्तर खोडलं.

बाईंनी भटूला पट्टी सरळ उभी धरायला लावली. "हे नव्वद. साहेबांच्या हिशेबानं टोक आता अठरा इंचांवर पाहिजे."

भटूनं खालपासून वरपर्यंत पट्टी पाहिली. "पट्टी तर तेवढीच शे, साहेब," तो त्याच्या अहिराणी वळणानं म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली होती.

मोजपट्टी माझ्या हातात होती. मी ती वकीलसाहेबांपुढं धरली. त्यांनी तिला हात लावला नाही.

"हे सुतारकाम झालं," ते म्हणाले. "गणित नव्हे." आणि निघून गेले.

शनिवारी शाळेच्या व्यवस्थापक सभेनं ठराव केला की फळ्यावर चुकीचं विधान लिहू नये, आणि बाईंनी लेखी खुलासा द्यावा. बाईंनी एकच ओळ लिहिली. कोणतं विधान चूक होतं ते सभेनं कळवावं, म्हणजे तेवढं टाळता येईल.

सभेत सात जण होते. चौघांना साइन म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, दोघं वकीलसाहेबांच्या तोंडाकडं बघत होते. वकीलसाहेबांनी पुस्तक पाहून सांगतो म्हणून वेळ मागून घेतला. पुस्तक त्यांनी उघडलं की नाही कोण जाणे. उत्तर मात्र वर्ष संपेपर्यंत आलं नाही.

जूनमध्ये बाईंनी पाचोऱ्याच्या शाळेत नोकरी धरली. निरोपाच्या सभेत वकीलसाहेब अर्धा तास बोलले. बाईंना गणिताची गोडी आपणच लावली, असं त्यांनी त्यात सांगितलं. बाई खाली मान घालून हाराचा दोरा सोडवत बसल्या होत्या.