उलटा धरलेला ब्रश

शैलेंद्रची नोकरी एप्रिलमध्ये गेली आणि कौमुदीला जूनमध्ये लागली. घरात या दोन गोष्टी एका वाक्यात कुणी घेत नसे.

तो नऊ वर्षं इथे, परदेशात, फवारणीचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होता. कारखाना अर्धा बंद झाला, त्या अर्ध्यात तो गेला. कौमुदी ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायची. साथीमुळे विमानंच उडेनाशी झाल्यावर तिचं टेबल आपोआपच गेलं. मग मागच्या गल्लीत राहणाऱ्या पद्माने तिला सांगितलं, की वेरिबी स्टेशनवर दिवसा गाडीचे डबे पुसायला माणसं घेताहेत, मी लागलेय, तूही ये.

"तू डबे पुसणार?" शैलेंद्रने विचारलं.

"पुसेन की. घरी बसून तरी काय करायचंय?"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तो चहाचे कप विसळायला उठला.

वेरिबी हे शहराबाहेर जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं शेवटचं स्टेशन. शहरातून गाडी यायची, बारा मिनिटं थांबायची, परत जायची. तेवढ्यात पिवळी जाकिटं घातलेल्या चौघांनी आत शिरून दारांची बटणं, खांब, सीटच्या पाठी आणि वर लटकणारे हाताचे पट्टे जंतुनाशकाने पुसायचे. गाड्या बहुतेक रिकाम्या असायच्या. कधी एखादी नर्स, कधी भाजीच्या मळ्यावर जाणारे दोघं-तिघं. तरी पुसायचं ते सगळंच.

रात्री जेवताना कौमुदी कामाच्या गमती सांगायची. एकदा ती म्हणाली, "फडकं सपाट जागी ठीक आहे रे. पण दाराच्या रबराच्या खाचा, सीटची शिवण, पट्ट्याच्या मुठीवरच्या रेघा, तिथे ते पोचतच नाही. मग एका हातात स्प्रे, एका हातात ब्रश. स्प्रे मारला की अर्धा माझ्याच तोंडावर. आणि बाटली ठेवायची कुठे? रोज एकदा तरी सीटखाली गडगडते."

शैलेंद्र जेवायचा थांबला. "म्हणजे ब्रशमधूनच औषध यायला हवं," तो म्हणाला.

त्याने तनयाचा, तेरा वर्षांच्या लेकीचा, दांड्यात पाणी भरायचा चित्रकलेचा ब्रश मागून घेतला आणि तो दाबून दाबून बघत बसला. दुसऱ्या दिवशी टोमॅटो सॉसची रिकामी बाटली, नखं घासायचा एक ब्रश आणि गरम केलेली सुई घेऊन तो गॅरेजमध्ये गेला. कारखाना सुटल्यापासून त्याने केलेलं हे पहिलं काम.

पहिला ब्रश नुसता वाहायचा. पाण्यात खायचा लाल रंग घालून त्याने तो बाथरूमच्या पांढऱ्या टाइलवर फिरवून पाहिला. सगळी भिंत गुलाबी झाली. तनया दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, इट लुक्स लाइक अ मर्डर." तिघं पोट धरून हसली. कित्येक आठवड्यांनी.

दुसऱ्यात त्याने केसांच्या मुळाशी स्पंजची चकती बसवली. कौमुदीने तो कामावर नेला आणि घरी येऊन सांगितलं, "चार खांब पुसले की कोरडा पडतो. नुसता खरखर वाजतो."

"आतली हवा अडत असणार," तो म्हणाला. "औषध बाहेर पडायचं तर मागून हवा आत यायला वाट हवी." त्याने दांड्याच्या शेवटच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं आणि त्यावर आत उघडणारी पातळ रबरी झडप बसवली.

तिसऱ्याचं बटण फार घट्ट होतं. "अंगठा दुखतो रे, शंभर वेळा दाबायचं असतं," ती म्हणाली. त्याने तेही बदललं. प्रत्येक वेळी तो तिच्यासमोर वही घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "सांग. बरं वाटावं म्हणून नको, खरं सांग." ती खरं सांगायची. त्याला राग यायचा नाही, उलट हुरूप यायचा. हे तिला पुढे फार आठवत राहिलं.

ऑगस्टमध्ये शहर पूर्ण बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच जायचं, दिवसातून एक तास फिरायचं, रोज सकाळी टीव्हीवर रुग्णांचे आकडे ऐकायचे. कौमुदी कामाचं परमिट पर्समध्ये ठेवून बाहेर पडायची. शैलेंद्र खिडकीतून हात करायचा. नोकऱ्यांसाठी पाठवलेल्या अर्जांना एकापाठोपाठ एक नकार येत होते. तो दाढी करेना. दुपारी तीन-तीन तास झोपून राहायला लागला. फक्त ब्रशचं काम निघालं, की माणसात यायचा.

चौथा ब्रश त्याने तीन आठवडे खपून केला. पारदर्शक दांडा, हाताला बसेल असा बाक, अंगठ्याखाली मऊ बटण. दिसायलाही देखणा. कौमुदीने तो दाराच्या खाचेत फिरवला आणि तिला खरंच नवल वाटलं. केसांच्या टोकांशी औषध हवं तेवढंच येत होतं. शिवणी झाल्या, बटणं झाली, खांब झाले. मग तिने पट्ट्याची मूठ पुसायला हात वर केला.

केस वर, दांड्याचं टोक खाली. टोकाच्या त्या हवेच्या भोकातून औषध तिच्या मनगटावर आलं आणि बाहीच्या आतून कोपरापर्यंत ओघळत गेलं. झडपेवर औषधाची पांढरी साय जमली होती, त्यामुळे ती पुरती मिटत नव्हती. कौमुदीने हात पुसला, खिशातलं फडकं काढलं आणि उरलेले पट्टे फडक्याने पुसले.

घरी आली तर शैलेंद्रने दाढी केली होती. लॅपटॉपवर नाशिकचा मोठा भाऊ, दत्तात्रयदादा, बोलत होता आणि शैलेंद्र त्याला ब्रशचं चित्र दाखवत होता. "ही बघ आलीच," तो दादाला म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "सांग, कसा चालला? खरं सांग."

वहिनी, दादा, दोन पुतणे, सगळे पडद्यातून बघत होते. शैलेंद्रचा चेहरा तिने कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

"मस्त," ती म्हणाली. "एकदम मस्त चालला."

"पट्ट्यांनासुद्धा?"

"पट्ट्यांनासुद्धा."

आज राहू दे, उद्या सांगू, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती उठायच्या आधी पोहे करून ठेवले. उद्या, असं ती पुन्हा मनाशी म्हणाली. आठवडा गेला. एकदा सांगायचं राहिलं, की मग सांगताना आधीचे दिवसही सांगावे लागतात. म्हणून ते आणखी अवघड झालं.

कामावर ती ब्रश खालच्या खाचांसाठी वापरायची आणि पट्ट्यांसाठी फडकं. घाईत कधी विसरून हात वर जायचा आणि बाही भिजायची. कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठला, मग त्याला खाज सुटली. शैलेंद्रने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हातमोज्यांची ॲलर्जी आहे." त्याने ऑनलाइन शोधून तिच्यासाठी वेगळे हातमोजे मागवले.

तनयाने मात्र एकदा बाथरूममध्ये मलम लावताना पाहिलं. ब्रशकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. "इट लीक्स, डझन्ट इट? व्हाय डोन्ट यू जस्ट टेल हिम?"

"सांगणार आहे गं. त्याला जरा बरं वाटू दे."

"ही'ज नॉट सिक, आई," तनया म्हणाली आणि ऑनलाइन वर्गाला निघून गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी शहर उघडलं. त्याच सुमारास डॅरिलचं, त्यांच्या सुपरवायझरचं, लक्ष कौमुदीच्या हातातल्या ब्रशकडे गेलं. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. कुणी बनवला, विचारलं. नवऱ्याने म्हटल्यावर तो शीळ घालून म्हणाला, "ब्रिलियंट, मेट. त्याला सांग आणखी चार-पाच घेऊन ये. माझ्या टीमला आवडले तर मी वरच्यांशी बोलतो."

तेव्हा तरी तिने सांगायला हवं होतं. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून तिने वाक्यही जुळवलं होतं. पण घरी जाऊन तिने डॅरिलचा निरोपच आधी सांगितला आणि शैलेंद्र खुर्चीतून ताडकन उठला. पुढचे दहा दिवस गॅरेजमधला दिवा आणि त्याचं गुणगुणणं चालू होतं. त्याने सहा ब्रश बनवले. सहाही हुबेहूब चौथ्यासारखे.

दिवाळीच्या आठवड्यातला गुरुवार. शैलेंद्र इस्त्रीचा शर्ट, मास्क आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन स्टेशनवर आला. सकाळची गाडी लागली. पद्मा आणि आणखी दोघं एकेक ब्रश घेऊन डब्यात शिरली, कौमुदीही. शैलेंद्र आणि डॅरिल प्लॅटफॉर्मवर खिडकीतून बघत उभे होते.

पहिली पाच मिनिटं सगळं छान झालं. खाचा पुसल्या जात होत्या. डॅरिलने अंगठा दाखवला. मग पद्माने पट्ट्याला हात घातला.

"अय्यो!" ती ओरडली आणि हात झटकत दारात आली. तिच्या मागोमाग दुसरा एकजण भिजलेली बाही पिळत आला. पद्मा विजयवाड्याची. मराठी तिला येत नव्हतं, म्हणून ती कौमुदीशी नेहमी हिंदीतच बोलायची. आताही मोठ्याने बोलली, शैलेंद्रसमोरच.

"कौमुदी, ये तो ऊपर पकडो तो पूरा हाथ में आता है! इसीलिए तू पट्टे कपड़े से करती थी क्या?"

तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. तिला वाटलं होतं, नवऱ्याला ठाऊक असणार.

शैलेंद्रने कौमुदीकडे पाहिलं. मास्कच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते. तिच्या स्वतःच्या दुसऱ्या हातात फडकं होतं.

"नो वरीज, मेट," डॅरिल समजुतीच्या सुरात म्हणाला. "पहिल्या फटक्यात कुणाचं जमतं? नीट कर, मग बघू." पण त्याने सगळ्यांना ब्रश खोक्यात ठेवायला सांगितलं आणि हात धुवायला पाठवलं. कामाच्या जागी अंगावर औषध सांडलं, म्हणजे त्याला अहवाल लिहून वर कळवावं लागणार होतं. गाडी वेळेवर सुटली.

कौमुदीची पाळी संपेपर्यंत शैलेंद्र गाडीत बसून राहिला. ती शेजारी येऊन बसल्यावर तो म्हणाला, "हात दाखव."

तिने बाही वर केली. त्याने चट्टा पाहिला, हात लावला नाही.

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

"मी रोज विचारत होतो, कौमुदी."

"तू खूश होतास रे. इतक्या दिवसांनी. मला मोडवेना."

"मला खूश कुठे व्हायचं होतं," तो हळूच म्हणाला. "मला ब्रश नीट करायचा होता." मग तो म्हणाला, "मी आधीच मोडलोय असं वाटलं तुला. एवढंही सोसणार नाही, असं."

तसं नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण तसंच होतं. डॅरिल त्याला न ओळखता जे सरळ बोलला, ते तिला तीन महिन्यांत बोलता आलं नव्हतं.

शनिवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो गॅरेजमध्ये गेला आणि दोन तासांत बाहेर आला. हवेचं भोक दांड्याच्या टोकाऐवजी बटणाच्या पुढे, केसांजवळ आणलं होतं आणि तिथपासून एक बारीक नळी आत मागच्या टोकापर्यंत नेली होती. त्याने ब्रश वर धरला, खाली धरला, आडवा धरला. एक थेंब गळला नाही. दोन तासांचं काम. कौमुदी ते बघत होती आणि तिला रडू आवरेना. शैलेंद्रने तिला पाणी आणून दिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

त्याने डॅरिलला नव्या ब्रशचा फोटो पाठवला, दोनदा फोनही केला. डॅरिल प्रत्येक वेळी गोड बोलला. पण त्या अहवालानंतर वरून फर्मान आलं होतं, की बाहेरची कुठलीही वस्तू वापरायची नाही. जानेवारीत सगळ्यांना पाठीवर अडकवायची फवारणीची यंत्रं मिळाली आणि ब्रशचा विषय संपला. खोकं शैलेंद्रने स्वतःच कचऱ्याच्या गाडीला दिलं. कौमुदी नको म्हणत होती.

संसार काही थांबला नाही. तो तिच्याशी नीट वागायचा. स्वयंपाकाला हात लावायचा, तिच्या चट्ट्यासाठी डॉक्टरांची वेळ त्यानेच घेतली. चट्टा गेला. त्याने 'मस्त' या शब्दावरून तिला एकदाही टोमणा मारला नाही. नुसतं विचारणं तेवढं थांबलं. शर्ट कोणता घालू, अर्जातलं हे वाक्य बरोबर आहे का, आमटीत मीठ ठीक आहे का. तिने आपणहून सांगितलं, की तो ऐकून घ्यायचा, "बरं" म्हणायचा, आणि मग तेच लॅपटॉपवर कुठेतरी पडताळून बघायचा.

मार्चमध्ये त्याला जिलाँग शहरातल्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. आधी पंधरा मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं होतं. पूर्वी अशा वेळी कौमुदी सोफ्यावर परीक्षक होऊन बसायची आणि तो टीव्हीसमोर उभा राहून बोलायचा. रविवारी दुपारी ती भाजी निवडत होती, तेव्हा गॅरेजच्या बंद दारामागून त्याचा आवाज आला. "गुड मॉर्निंग, माय नेम इज शैलेंद्र..." तो पंपांबद्दल बोलला, नळ्यांबद्दल बोलला. मध्येच एका ठिकाणी त्याने फार घाई केली, वाक्याचं शेपूट गिळलं. नेमकी महत्त्वाची गोष्ट कळली नाही.

कौमुदी हात पुसून दाराशी गेली आणि टकटक केलं.

"ऐकू का मी? एक सांगायचं होतं."

आतून तो अगदी प्रेमाने म्हणाला, "नको गं. झालंय माझं. रेकॉर्ड करून ऐकतोय मी."

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. आत त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज पहिल्यापासून सुरू झाला. त्याच जागी आल्यावर घाई पुन्हा तशीच झाली, आणि या वेळी त्याला ती ऐकू आली असावी, कारण आवाज थांबला. ती स्वयंपाकघरात गेली.

ती नोकरी त्याला मिळाली.