रिकाम्या ताटाचं वजन

वस्तीत तिला सगळे काटेवाली म्हणत, कारण तिच्या पिशवीत कायम वजनकाटा असायचा. अंगावर पाजणाऱ्या बायका काय खातात हे विचारायला एका आरोग्य संस्थेनं प्रश्नावली केली होती. ती प्रश्नावली खरं बोलते की थापा मारते, हे पडताळायचं काम काटेवालीकडे होतं. आधी बाईला विचारायचं, मग काही दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसून तिचं ताट तोलायचं आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का बघायचं. संशय बायकांवर नव्हता, कागदावर होता, असं कागदावर लिहिलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार सासऱ्यांनी उघडलं. आयुष्यभर ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, किल्ल्या जवळ बाळगायची सवय सुटली नाही. आता कमरेला धान्याच्या कपाटाची किल्ली असे.

"दूध किती घेता?" काटेवालीनं सुनेला विचारलं.

"रोज पेला भरून," सासरे म्हणाले.

"आणि अंडं?"

"एक दिवसाआड. ओली बाळंतीण आहे ती."

"काका, प्रश्न त्यांना आहे."

"तीही तेच सांगेल. सांग गं सूनबाई."

सूनबाईंनी तेच सांगितलं. मांडीवरच्या बाळाचं मत वेगळं असावं. ते प्यायचं, मध्येच तोंड बाजूला करून चिडायचं, पुन्हा प्यायचं.

तोलायच्या दिवसांत घरानं अब्रू राखली. ताटभर भात, डाळ, भाजी, अंडं, शिवाय पेलाभर दूध. सून मान खाली घालून जेवायची, आणि इतकं लख्ख जेवायची की ताटात उरलेलं तोलायला काटेवालीला काही सापडत नसे. शेवटच्या दिवशी ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, परत कधी येणार? रविवारी या ना."

काटेवालीची एवढी वाट तिच्या आईनंही कधी बघितली नव्हती. तिला संशय आला.

"आकडे काय सुंदर जुळतायत," संस्थेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जुळणारच. मी असते तेव्हा तिला वाढतात. मी नसते तेव्हा ती फक्त प्रश्नावलीत जेवते."

"पुरावा काय?"

"तिनं मला रविवारी बोलावलंय."

"तुझा स्वभाव आवडला असेल."

"बाई, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टरबाईंनी विचार करून मान हलवली. स्वभावापुरतं त्यांना पटलं होतं. बाकीच्यासाठी प्रश्नावलीत जागा नव्हती.

मग काटेवालीनं आपल्या डोक्यानं एक युक्ती केली. रविवारी जाऊन ती सासऱ्यांना म्हणाली, "काका, महिन्यानं दुसरी फेरी आहे. तोवर काटा इथेच राहू दे. सूनबाईंचं ताट रोज यावर ठेवायचं. याच्या पोटात सगळं साठतं, आम्हाला तिकडे बसून दिसतं."

काट्याच्या पोटात नुसते दोन सेल होते. पण काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि त्यांचा चेहरा बदलला. काटेवालीला वाटलं, घाबरले. प्रत्यक्षात त्यांना गोदाम परत मिळालं होतं.

महिन्यानं ती गेली तेव्हा सुनेच्या गळ्याची हाडं वर आली होती. बाळ रडत होतं, तेही हात राखून.

"भात किती?"

"नव्वद ग्रॅम," सून म्हणाली.

"डाळ?"

"साठ."

"दूध?"

"चहातलं. वीस."

या वेळी सासरे मध्ये बोलले नाहीत. सुनेचं संपू दिलं, मग म्हणाले, "तिकडे दिसतच असेल तुम्हाला. पूर्वी सगळा अंदाजपंचे कारभार होता. पातेल्याला लागलेलं, डावावरचं, चव बघताना चमचाभर, कुठे जायचं पत्ता लागायचा नाही. आता पातेलंही तोलतो, आधी आणि नंतर. गळती बंद."

गळती सुनेच्या पोटात जात होती. तिथून पुढे बाळाच्या.

"पण काका, एवढंसंच?"

त्यांनी खिशातून संस्थेचं चित्रांचं कार्ड काढलं. त्यावर लहान, मध्यम आणि मोठी वाटी होती, बायकांना आपलं माप दाखवता यावं म्हणून. त्यांनी लहान वाटीवर बोट ठेवलं. "तुमच्याकडूनच छापून आलंय. छापलंय म्हणजे मंजूर आहे."

"मी काटा परत नेते."

"न्या की. आम्ही नवा आणलाय. दशांशापर्यंत दाखवतो."

दुसऱ्या फेरीत तोललेलं आणि सांगितलेलं ग्रॅमला ग्रॅम जुळलं. अख्ख्या पाहणीत एवढं अचूक कोणी नव्हतं. काटेवालीनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, गळतीसकट. "वाईट आहे," त्या म्हणाल्या, "पण प्रश्नावली सिद्ध झाली. आता तोलायला कुठेच जायला नको." आणि आदर्श उत्तरं देणाऱ्या बाईसाठी त्यांनी काटेवालीच्या हाती संस्थेतर्फे भेट पाठवली. स्टीलचं ताट.

सासऱ्यांनी ताट उलटसुलट करून बघितलं आणि तसंच रिकामं नव्या काट्यावर ठेवलं.

"आधी हे वजा करावं लागतं," त्यांनी समजावलं. "नाहीतर तिच्या भातात ताट धरलं जाईल."

सून बाळाला घेऊन दारापर्यंत आली.

"मी रविवारी येईन," काटेवाली म्हणाली. "पिशवी न घेता. सहजच."

"नको ताई," सून म्हणाली. वाढणाऱ्याला पुरे म्हणतात, तशा आवाजात. "तुम्ही आलात की कमी होतं."