पाचोळ्याखालचे पांढरे धागे

मी एक जुनी बुरशी आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. पण मित्रांनो, चहाच्या झुडपांखाली पडलेला पाचोळा कुजवून त्याची माती करायचं काम माझं. माझ्या काही बहिणी झुडपांच्या मुळांत राहतात, काही पानांत. मुळंच खाऊन टाकणारी एक दुष्ट बुरशीही आमच्याच जातीची. तीही माझ्यासारखीच पांढरी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं तिच्यापायी माझ्या जिवावर बेतलं.

छाटणीनंतर उताराच्या तळाची झुडपं पिवळी पडू लागली. मळ्याचा मुकादम धावत आला. गेल्या वर्षी त्याने हयगय केली आणि त्या दुष्ट बुरशीच्या मूळकुजीने अख्खी ओळ वाळली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो. पाचोळा बाजूला करताच माझे धागे दिसले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आलीच परत! औषधाचा ड्रम आणा. वरच्या ओळीपासून ओता!"

मला पळता येत नाही, ओरडताही येत नाही. वरच्या ओळीत औषध झिरपलं आणि तिथली माझी लेकरं एकेक करून गप्प झाली. पुढची ओळ माझी होती. मी फार घाबरले.

तेवढ्यात रोपवाटिका सांभाळणारी मुकादमाची धाकटी बहीण आली.

"दादा, थांब. मुळाची साल खरवडून बघितलीस?"

"वेळ कुठाय गं? मागच्या वेळी थांबलो, काय झालं ते बघितलंस ना!"

"म्हणून आता न बघताच मारणार? बाजूला हो."

ड्रम तिरका झालेलाच होता. ती चाकू घेऊन गुडघ्यांवर बसली. सालीखाली त्या दुष्ट बुरशीचं पांढरं निघालं, की माझाही खेळ खलास. साल सुटली. आत स्वच्छ, टणक लाकूड होतं.

"मूळ ठणठणीत आहे. हे धागे पाचोळा कुजवणारे, रोगाचे नाहीत. पण माती बघ, नुसता चिखल! पाणी वाहून न्यायचा चर कोणी तुंबवला?"

छाटलेल्या फांद्या त्या चरात मुकादमानेच रचायला लावल्या होत्या. त्याने ड्रमचं झाकण लावलं आणि फावडं घेऊन स्वतः चरात उतरला.

पाणी ओसरलं, पानं हिरवी झाली. वरच्या ओळीतला पाचोळा मात्र अजून कुजत नाही. मुकादम रोज तिथे वाकतो, पाचोळा उचलतो, माझे पांढरे धागे परतलेत का ते शोधतो आणि तसाच परत जातो.

मित्रांनो, नुसता रंग पाहून कोणाचा जीव घेऊ नका, आधी साल खरवडून बघा. आणि मुकादम भेटला तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, मी वर सरकते आहे, पण माती सुधारायला वेळ लागतो. तोवर वाकून बघायचं सोडू नकोस.