रंगनाथदादाचा पेपर

मी हुशार आहे. हे मी नाही, हिंजवडीजवळचं आमचं अख्खं माण गाव म्हणतं. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा बाबांनी फ्लेक्स लावला होता, त्यावर माझ्यापेक्षा मोठा फोटो बाबांचाच होता. तेव्हापासून समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते दुरुस्त करायची मला खोड लागली. बाबा म्हणायचे, "तनुजा, शहाणी हायेस, पण समोरच्याला बोलू दे की जरा." मी त्यांचं हेसुद्धा वाक्य पुरं होऊ द्यायची नाही.

बारावी कॉमर्सला असताना मी लेखनिक म्हणून नाव दिलं. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत उत्तरं लिहायला माणूस लागतो. प्रश्न वाचून दाखवायचा, ते सांगतील ते शब्दाला शब्द लिहायचं. लेखनिक त्यांच्यापेक्षा खालच्या वर्गातला हवा, हा नियम. अप्पा बळवंत चौकाजवळ एका पुस्तकाच्या दुकानावर दोन खोल्यांत नम्रताताईंची संस्था आहे, त्या हे जुळवून देतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "हात तुझा, डोकं त्यांचं. स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं." मी हसले. पुण्यात असल्या पाट्या पुष्कळ वाचल्या होत्या.

मला मिळाला रंगनाथदादा. वाशीमकडचा, एस.वाय.बी.ए.ला, जन्मापासून दिसत नाही. मुलांच्या वसतिगृहात राहायचा. माणूस भला, पण आशावादी इतका की डोकं उठावं. बस चुकली तर म्हणे, "पुढची रिकामी येईल." पुढची खच्चून भरून आली तर म्हणे, "पडायची भीती नाही." मी एकदा चिडून विचारलं, "तुला कधी काही वाईट वाटतं का रे दादा?" तर म्हणाला, "वाटते ना. पण वाटून झालं की पुढचं काम असते."

एप्रिलमध्ये त्याचा अर्थशास्त्राचा पेपर होता. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक, आम्ही दोघं. सगळं सुरळीत चाललं होतं. दहा गुणांच्या एका प्रश्नात तो सांगू लागला, "अशा वस्तूंची किंमत वाढली की त्यांची मागणीही वाढते." मी थबकले. किंमत वाढली की मागणी घटते, हे अकरावीचं पोरगंही सांगेल. बिचारा घाबरलाय, उलटं बोलतोय, असं मला वाटलं. त्याला विचारायची सोय नव्हती, पर्यवेक्षक बाई समोर बसलेल्या. मी लिहिलं, "मागणी घटते." मग पुढची चार वाक्यं त्याला जुळवून घेतली. वर मनात स्वतःची पाठ थोपटली की वाचवलं मी याला.

प्रश्न गिफेन वस्तूंवर होता. गरिबाच्या ताटातली स्वस्त वस्तू महागली की तो बाकीचं सोडून तीच जास्त घेतो, असा तो अपवाद. अपवादांचं ते पान मी ऑप्शनला टाकलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, आणि पेपर त्याचा.

जूनमध्ये निकाल लागला. सत्तरपैकी अठ्ठावीसला पास, त्याला चोवीस. तोपर्यंत तो एकदाही नापास झाला नव्हता. वसतिगृहाचा नियम सरळ होता, नापास झाला की खोली सोडायची. रेक्टरना गयावया करून त्याने हिवाळ्यातल्या परीक्षेपर्यंत मुदत मिळवली. तेव्हा पेपर निघाला नाही तर गाशा गुंडाळून वाशीम. तिथे कॉलेज होतं, पण ब्रेलची पुस्तकं आणि लेखनिक कुठून आणणार? शिक्षण तिथेच संपलं असतं.

त्याने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि वाचून दाखवायला कुणाला बोलवावं? मला. "तुझं अक्षर तुलाच नीट लागंल," म्हणाला.

नम्रताताईंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. वाचता वाचता मी त्या पानावर आले. लाल शाईत शून्य. एव्हाना गिफेनचा अपवाद मला कळला होता, कारण निकालानंतर मी घाबरत घाबरत पुस्तक उघडून पाहिलं होतं. आणि मी काय केलं? त्याने जे सांगितलं होतं तेच, आठवून, वाचून दाखवलं. "मागणीही वाढते." कागदावर होतं भलतंच. समोरच्याला दिसत नाही याचा एवढा नीच फायदा मी घेतला. आज हे सांगतानाही लाज वाटते.

"बरोबर तर आहे," तो म्हणाला. "मग शून्य काहून?"

"काय माहीत."

"न वाचताच दिलं असंल. अर्ज करू. लिही."

आणि तो सांगू लागला. 'महोदय, प्रश्न चारचे उत्तर अचूक असूनही परीक्षकांनी ते न वाचता शून्य गुण दिले आहेत...' मी लिहीत होते. कोण कुठले ते परीक्षक, त्यांनी माझं लिहिलेलं नीट वाचूनच शून्य दिलं होतं. माझ्याच अक्षरात माझं पाप मी त्यांच्या नावावर मांडत होते. अर्जाला पान जोडलं की अर्ज निकालात निघणार, आणि दादा उगीच खोटा ठरणार. 'न वाचता'पाशी माझा हात थांबला.

"लिहिलंस?"

"त्यांनी वाचलं होतं," मी म्हणाले. "उत्तर मी बदललं होतं. आणि आत्ता तुला खोटं वाचून दाखवलं."

त्याने छायाप्रत चाचपून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "आता खरं वाच."

मी वाचलं. पाचही वाक्यं. त्याने चेहरा भिंतीकडे वळवून ऐकली. नंतर काठी उलगडली आणि जिना उतरून गेला. पुढची वाट काढता येईल की नाही याबद्दल एक शब्द बोलला नाही. मला तेच सर्वांत जास्त लागलं. नम्रताताई आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "रडायचं असेल तर खाली जाऊन रडा, इथे तीन वाजता मीटिंग आहे."

आठ दिवस त्याचा फोन नाही. नवव्या दिवशी आला. "शनिवारी ताईंकडे ये. चॅप्टर एकपासून वाचायचं आहे. मी रेकॉर्ड करतो."

मला वाटलं, माफ केलं. गेल्या गेल्या माझी माफीनाम्याची टकळी सुरू झाली. त्याने हात वर केला. "माझं पुरं होऊ दे. मला तुझा राग आहे. राहील थोडे दिवस. म्हणून काय तोंड फिरवून बसू? तू सांगितलंस, ते न सांगता तुला जमलं असतं. अर्ज गेला असता, फेटाळला असता, मी त्या परीक्षकाला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. आता शिव्या घालायला तूच उरलीस, आणि तू समोर बसलीस, तर घालवत नाही. वाच."

माफी अशीही असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाच महिने दर शनिवारी मी हिंजवडीच्या गर्दीतून बस बदलत जायची आणि वाचायची. त्याने एकदा सांगून ठेवलं होतं, "मधे समजावू नको, फक्त वाच." सुरुवातीला जीभ अशी वळवळायची की विचारू नका. एकदा त्याने एक व्याख्या चुकीची म्हटली आणि मी ओठ चावून गप्प बसले. पुढच्या पानावर त्याची त्यालाच चूक सापडली. तो खूश झाला. घरीसुद्धा बाबा दहा मिनिटं सलग बोलले, तेव्हा आई म्हणाली, "हिला ताप हाय का बघा."

नोव्हेंबरची परीक्षा आली. नम्रताताईंनी दुसरा लेखनिक ठरवला होता. दादा म्हणाला, "तनुजाच हवी." ताई म्हणाल्या, "विचार कर." तो म्हणाला, "केलाय. चुकलेली आहे, आता जपून लिहील."

तेच वेगळ्या खोलीतलं बाक. तीन प्रश्न झाले. चौथा पाच गुणांचा, पूरक आणि पर्यायी वस्तू. दादा सांगू लागला, "चहा आणि कॉफी या पूरक वस्तू आहेत."

माझं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. उलटं होतं. चहा नसेल तर कॉफी, त्या पर्यायी. पूरक म्हणजे चहा आणि साखर. या वेळी हळकुंड अर्धं नव्हतं, सगळं पुस्तक मीच त्याला वाचून दाखवलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर पाच गुण, आणि कदाचित त्याची खोली, कदाचित त्याचं सगळं शिक्षण.

"लिहिलंस?"

"लिहिते."

मी लिहिलं. चहा आणि कॉफी, पूरक. चहा आणि साखर, पर्यायी. शब्दाला शब्द. शेवटी त्याने उत्तरं परत वाचायला सांगितली, तीही मी कुठेही न रेंगाळता, एकाच आवाजात वाचली. त्याच्या लक्षात आलं नाही. हात इतका दुखत होता की पेनाचं टोपण लागेना.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मला राहवलं नाही. "दादा, चौथा उलटा सांगितलास. चहा-कॉफी पर्यायी."

तो थांबला. ओठांतल्या ओठांत पुटपुटून पाहिलं. "हो की गं! तुला केव्हा कळलं?"

"लिहितानाच."

"आणि जसंच्या तसं लिहिलंस?"

"हो." मला रडू फुटलं. "तुझी खोली गेली तर मीच..."

"तू कशी? मी बोललो." त्याने माझा खांदा चाचपून थोपटला. "जाऊ दे खोली गेली तर. पेपर माझा होता की नाही या वेळी?"

निकाल जानेवारीत लागला. मी बसमध्ये उभी होते, मोबाइलवर साइट उघडत नव्हती, तेवढ्यात त्याचाच फोन आला. मागे वसतिगृहातल्या पोरांचा गलका चालला होता.

"तीस!" तो ओरडला. "पस्तीस असते, पाच मी घालवले!" मग तेच त्याने तिकडे पोरांना ओरडून सांगितलं, पाच मी घालवले, मी स्वतः. आपली चूक कुणाला इतक्या ऐटीत मिरवताना मी पाहिलं नव्हतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सीटवरच्या काकूंनी वर पाहिलं. "काय गं, नापास झालीस का?"

"नाही काकू," मी म्हणाले. "तो पास झाला."