चारानंतरचं माप

कोंढ्याचा बाबुलाल साठीत गिटार शिकायला बसला, तेव्हा गावाला हसायला आयतं निमित्त मिळालं. गुडघे वाजायच्या वयात हा तारा वाजवतो, असं लोक म्हणाले. बाबुलालनं मनावर घेतलं नाही. त्याला गिटारशी काही देणंघेणंच नव्हतं, त्याला बायकोचा आवाज परत हवा होता.

पंचफुला म्हणजे विहारातल्या गाण्यांची म्होरकी. तिनं पहिली ओळ उचलली की मागच्या बायकांना सूर शोधावा लागत नसे. गेल्या पावसाळ्यात तिला लकव्याचा झटका आला. आधार धरून ती चालू लागली, पण वाचा गेली ती गेलीच. कळायचं सगळं, ओठही हलायचे, शब्द तेवढा बाहेर पडत नव्हता. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं आत शाबूत असतं, तिच्यापुढं गात-वाजवत राहा. आता बाबुलालचा गळा असा, की त्यानं तान घेतली तर धडधाकट माणूस उठून जावा. हिला तर पटकन उठताही येत नव्हतं. म्हणून त्यानं गाण्याचा नाद सोडला आणि वाजवायचं ठरवलं.

मुलगी हर्षा साकोलीला शाळेत शिकवायची आणि दर रविवारी घरी यायची. कॉलेजात असताना घेतलेली तिची गिटार तिनं बापाच्या मांडीवर ठेवली आणि आईच्या आवडत्या गाण्याची साथ शिकवायला घेतली. जन्मभर कामानं घट्ट झालेल्या बोटांना तारा काही रुतल्या नाहीत. घोडं अडलं ते मोजण्यात.

"मनात मोजलं तं हात पयते, बाबा," हर्षा म्हणाली. "मोठ्यानं मोजा. चार झाले का परत एकावर या."

सांगायला सोपं होतं. पण बाबुलालनं उभी हयात गावाचे धान मोजण्यात घालवलेली. कुडो, म्हणजे धान मोजायचं माप, भरायचा, पोत्यात रिता करायचा आणि आकडा घोकत पुढचा भरायचा. चारानंतर पाचच यायचे. चारावरून एकावर येणं म्हणजे कुणाचं तरी धान बुडवणं, तसं त्याला वाटे. हात बरोबर वळायचा, तोंड मात्र पाच, सहा करत खळ्यावर निघून जायचं. हर्षा एवढ्या पोरांना शिकवणारी बाई, तिनंही कपाळावर हात मारला.

एका रविवारी हे असंच चालू असताना बाबुलाल मधेच थांबला. मोजमापातही परत फिरतात की, त्याला आठवलं. वीस कुडो झाले की खंडी भरते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही चाराची खंडी, एवढंच. त्याचा चेहरा खुलला. त्यानं हात चालवला, चार म्हणाला, वळला, आणि तिथं त्याचं तोंड मिटलं. हात थांबला नाही. पहिला ठोका मुका गेला आणि दोनपासून आवाज पुन्हा सुरू झाला.

"पयलं काहून खाता, बाबा? तेच तं मोठ्यानं म्हणा लागते."

बाबुलाल खाली बघत म्हणाला, "थे माह्या तोंडचं नोहे, बाई. तुह्या मायच्या तोंडचं हाये."

हर्षाला हे ठाऊक होतं, नुसतं विसरायला झालं होतं. धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. आणि यांच्या जोडीत लाभ म्हणायची पंचफुला. लग्नाच्या वर्षी बाबुलालचा घसा बसला होता, म्हणून पोत्याचं तोंड धरून बसलेल्या नव्या नवरीनं पहिलं माप म्हटलं. त्या साली गावाला धान उदंड झालं. मग तिच्या तोंडून लाभ ऐकल्याशिवाय कुणी मोजू देईना. दर खंडीला बाबुलाल हात रोखून तिच्याकडं बघायचा, ती म्हणायची, आणि दोनपासून पुढं हा. गावात वजनकाटे आले आणि दोघंही घरी बसली.

हर्षानं मग हट्ट सोडला. दोनपासूनच मोजा म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

दारातल्या बाजेवर पंचफुला बसली होती. बाबुलाल तिच्यासमोर वाजवत राहिला. मुका ठोका, दोन, तीन, चार. तिचा चांगला हात बाजेच्या काठावर हलत होता, पोत्याचं तोंड झटकताना हलायचा तसा, हे त्याला जरा उशिरानंच दिसलं. चार झाले. तिचे ओठ उघडले.

"ला," असं काहीतरी आलं.

बाबुलालच्या अंगावर सरसरून काटा आला. थांबलो तर हे परत आत जाईल, या भीतीनं त्यानं हात चालूच ठेवला. दोन, तीन, चार.

"लाभ."

तोच आवाज. जरा जड, जरा जाडसर, पण तोच, नवरीच्या वयापासूनचा. हर्षा पिठाच्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, आणि तिला पुढंही येववेना, मागंही जाववेना. बाबुलालनं आयुष्यात धानाचे डोंगर पाहिले होते, पण एवढं मोठं काही आपल्या घरात कधी आलं नव्हतं, असं त्याला वाटलं. बाजेवरची ती जणू त्याला आज पहिल्यांदा दिसत होती.

"लाभ," ती पुन्हा म्हणाली, अगदी ठोक्यावर.

आता दोन म्हणायची पाळी त्याची. त्याचा हात चालला, पण तो तिच्याकडं बघतच राहिला आणि आकडा म्हणायचा राहून गेला. पंचफुलानं वाट पाहिली. खळ्यावर तो मोजणी चुकला की बघायची तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"दोन," ती म्हणाली.