दीड इंच

दुकानात पाय ठेवला आणि मला शिसारी आली. चारही भिंतींवर खिडक्या टांगलेल्या, आणि एकीच्याही पलीकडे काही नाही, नुसती भिंत. वास नव्या चपलांच्या दुकानात येतो तसला. मी चाळीस वर्षं सुतारकी केली. लाकूड कापताना जो वास येतो त्याने मला भूक लागायची, या वासाने सकाळचा चहा वर येत होता.

विकणारा गळ्यात टाय बांधून आला. त्याने एक पांढरी प्लास्टिकची खिडकी आमच्यासमोर निदान दहा वेळा उघडून बंद केली आणि बघा, अजिबात आवाज नाही, म्हणून मान डोलावली. मला तो सारखा आजोबा म्हणत होता. मी त्या चौकटीवर नखाने टकटक केलं. आतून पोकळ. पोकळ वस्तू पोकळ माणसाने विकावी यात नवल नाही, असं मी मुलाला ऐकू जाईल इतपत पुटपुटलो. मुलाने लक्ष दिलं नाही.

आमचे चिरंजीव शाळेत भूगोल शिकवतात. खिळा सरळ मारता येत नाही, पण खिडकी घरच्या घरी स्वतः बसवणार होते. फिटिंगवाले दोन महिन्यांनी येतो म्हणाले होते, आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीचा खोकला तितकं थांबायला तयार नव्हता. डॉक्टरने सांगितलं होतं की पोरीच्या खोलीत ओल आहे, खिडकीपाशी. हे ऐकल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. त्या घराची प्रत्येक खिडकी मी माझ्या हाताने केलेली. आल्यागेल्याला चौकट वाजवून दाखवायचो. आणि काल पदवी घेतलेला डॉक्टर भिंतीकडे एकदा बघून माझ्या खिडकीला नावं ठेवतो! मी त्याचं काय घोडं मारलं होतं?

मुलगा तीन आठवडे जेवताना मोबाइलवर खिडक्या बसवण्याचे व्हिडिओ बघत होता. दुकानात त्याने विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, की खालच्या पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जायला भोकं आहेत का. मी नाक मुरडलं. रंग विचारावा, काच विचारावी, हा भोकं विचारतो. मग सरकती की उघडती यावर अर्धा तास गेला. सरकतीची निम्मी बाजू कायम बंद राहते, पोरीला हवा हवी, म्हणून उघडती. काच दुहेरी. प्रत्येक गोष्टीला मी ओठ वाकडे करत होतो आणि दोघेही ते न दिसल्यासारखं करत होते.

निघताना टायवाला म्हणाला, माप नीट घ्या, ही खिडकी मागाहून रंधा मारून कमी करता येत नाही. तेव्हा मात्र मी कान टवकारले.

घरी आल्यावर मुलाने टेप माझ्या हातात दिली. "माप तुम्हीच घ्या बाबा. माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी मापलं. जुनी चौकट पूर्ण काढायची होती, म्हणून भिंतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. उंची लिहिली. रुंदी लिहिताना त्यात दीड इंच मिळवले. कमी केले असते तर पोराने फटीत फोम भरून निभावून नेलं असतं. जास्त झाल्यावर इलाज नाही. खिडकी येईल, तो ती भोकाला लावून बघेल, बसत नाही म्हणून परत पाठवेल, आणि माझी चौकट जागच्या जागी राहील. इतका साधा बेत होता. आकडा मी नीट गिरवून लिहिला, हे आज सांगायलाही घाण वाटते.

खिडकी तीन आठवड्यांनी आली. रविवारी सकाळी मुलाने नातीचा पलंग ओढून मधोमध घेतला, त्यावर जुनी चादर टाकली आणि सरळ हातोडा उचलला. मी म्हटलं, आधी नवी लावून तर बघ. तो म्हणाला, बसेल. मी पुन्हा म्हटलं. त्याने पहार चौकटीच्या फटीत घातली.

बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, माझी चौकट याच्या हाताने हलणारच नाही, दुपारपर्यंत घाम गाळेल आणि सोडून देईल.

चौकट दुसऱ्या हिसक्याला निघाली. निघाली म्हणजे खालची पट्टी ओल्या पावासारखी त्याच्या हातात तुटून आली. वरून रंगाचा चकचकीत पापुद्रा, आत काळा चिखल. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मागची भिंत हातभर काळी पडलेली, तिच्यावर केसाळ बुरशी, आणि त्या सगळ्याचा असा आंबूस वास खोलीत पसरला की सुनेने पदर नाकाला लावला. ती बुरशी जिथे होती तिथून नातीची उशी वीतभर अंतरावर असायची.

मला कुणी काही समजावण्याची गरज नव्हती. पट्टी वरून अगदी सपाट होती. खिडकीच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा असतो, हे पहिल्या वर्षी शिकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी दिला नव्हता, कारण सपाट पट्टी देखणी दिसते. पाणी तीस वर्षं आत मुरत होतं. दर वर्षी तिथे चीर पडायची आणि दर वर्षी मी ती पुट्टीने बुजवून रंग मारायचो. कशाची चीर आहे हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मघापर्यंत ज्या पोकळ प्लास्टिकची किळस येत होती ती सगळी उलटून माझ्यावर आली. माझेच हात मला जवळ नकोसे झाले.

भिंतीला आता मोठं भोक होतं, बाहेर ढग भरून आले होते, आणि नवी खिडकी काही बसणार नव्हती. मुलाने भिंत खरवडली, औषध मारलं, पुसून कोरडी केली. मग तो आणि सून खिडकी उचलायला वाकले.

"ती बसायची नाही," मी म्हणालो. "माप मी चुकीचं लिहिलं. मुद्दाम. दीड इंच जास्त."

सून वाकलेली तशीच राहिली. मुलाने वर बघितलं नाही.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ऑर्डर द्यायच्या आधी मी परत मापलं होतं. आधी वाटलं, तुमची नजर अधू झाली असेल. मग उंची तपासली. ती सुतासूत बरोबर होती."

त्याने सुनेला खूण केली आणि दोघांनी खिडकी उचलून भिंतीत ठेवली. ती चारी बाजूंनी सारखी फट ठेवून बसली. मला तरी याहून चांगली बसवता आली नसती.

तो त्या दिवशी चिडला नाही, नंतरही नाही. नातीला काही कळू दिलं नाही. खोकला पंधरा दिवसांत उतरला. जेवायला बसलो की तो माझ्या पानात पहिल्यासारखंच आग्रहाने वाढत होता.

पुढच्या महिन्यात स्वयंपाकघराची खिडकी काढायची ठरली. तो टेप घेऊन आला तसा मी सवयीने खुर्चीतून उठलो आणि हात पुढे केला.

"तुम्ही बसा बाबा, कशाला त्रास," तो अगदी मायेने म्हणाला, आणि टेपचं दुसरं टोक त्याने सुनेच्या हातात दिलं.