सील न फोडलेला लॅपटॉप

सकाळी आठला फोन वाजला की हल्ली मी तो उचलायला मुद्दाम वेळ लावतो. फोन कुंडलिकचाच असतो.

"गुरुजी, आज काय बाजार?"

गेला सव्वा महिना हा माणूस मला लॅपटॉपचा बाजार विचारतो आहे. कांद्याचा विचारावा तसा, रोज, त्याच सुरात. आधी तो माझ्या पुतण्याला, उमरला, फोन करायचा. उमरचं जुन्नरात कॉम्प्युटरचं दुकान आहे. उमरनं उचलायचं बंद केलं, तेव्हा मी सापडलो.

"कुंडलिक, कालचाच भाव आहे."

"उतरंल का?"

"मला माहीत नाही, बाबा."

"न्हाई, तसं न्हाई, तुमचा अंदाज काय?"

चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. दहादा विचारलं तर अकराव्यांदा सांगायचं, हा माझा नेम. वर्गात कधी आवाज चढवला नाही. पण चौथीत ज्याला मी स्वतः बेरीज-वजाबाकी शिकवली, तो पन्नाशीचा झाल्यावर रोज सकाळी माझा अंत पाहील असं वाटलं नव्हतं.

गोष्ट त्याच्या मुलीची, वृषालीची आहे. कॉलेजला त्यांच्या गावाहून, डिंगोऱ्याहून, जुन्नरला यायची, तेव्हा दुपारी माझ्या ओसरीवर थांबायची आणि माझ्याकडे गणिताला येणाऱ्या लहान पोरांना सांभाळायची. भूगोल घेऊन बी. ए. झाली. नकाशा दिसला की तिचं बोट आपोआप त्यावर फिरायला लागतं. पुण्यातल्या एका संस्थेनं जाहिरात दिली होती: शेतजमिनींचे नकाशे संगणकावर उतरवण्याचं काम शिकवणार, घरी बसून, सहा महिने, शिकतानाही पगार. परीक्षा घेऊन पंचवीस मुलींना निवडणार. अट एकच. लॅपटॉप स्वतःचा हवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत, त्यावर संस्थेचा प्रोग्रॅम चढवून यंत्र चालतं असं दाखवायचं. नाही दाखवलं तर शुक्रवारच्या परीक्षेला बसता येणार नाही.

कुंडलिककडे पैसे नव्हते असं नाही. पैसे होते. म्हणूनच तर माझा जीव जळत होता.

पहिल्यांदा आम्ही तिघं उमरच्या दुकानात गेलो तो दिवस आठवतो. उमरनं एक चांगला लॅपटॉप दाखवला. वृषालीनं संस्थेचा कागद काढून एकेक ओळ ताडून पाहिली. सगळं जुळलं. कुंडलिकनं लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, पोटाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्या म्होरलं कवा येणार?"

उमर पोटात काही ठेवत नाही. म्हणाला, "दिवाळीच्या आसपास नवीन मॉडेल येईल म्हणतात, भाऊ."

संपलं. मी काउंटरखालून उमरच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"मंग आत्ता कशाला घ्यायचं राव?" कुंडलिक म्हणाला. "दिवाळीला नवं येणार, तवा हे उतरणार. थांबू की."

कुंडलिकचं थांबणं समजायचं तर त्याची बराखी पाहायला हवी. घराशेजारी जाळीची लांबलचक बराखी आहे, त्यात उन्हाळी कांदा साठवलेला असतो. आसपासचे लोक बाजार बघून थोडा थोडा काढतात. कुंडलिक काढत नाही. फार वर्षांपूर्वी एकदा त्यानं सगळ्यांच्या नंतर कांदा काढला आणि आळेफाट्याच्या बाजारात त्याला असा भाव मिळाला, की त्याची गाडी बघायला माणसं आली. त्या एका वर्षानं त्याला कायमचं बिघडवलं. त्यानंतर किती वेळा निम्मा कांदा सडून बांधावर ओतला, ते तो सांगत नाही. ते अंजना सांगते, त्याची बायको.

"लग्नाच्या टायमाला कसे थांबले न्हाईत काय म्हाईत," अंजना मला म्हणाली. "पुढच्या साली माझ्यापेक्षा चांगली सांगून आली आसती की!"

"मी थांबणारच व्हतो," कुंडलिक म्हणाला. "तुझा बाप थांबंना."

मी त्याला समजावून सांगितलं. एकदा नाही, सहा-सात वेळा. म्हटलं, "कुंडलिक, नवीन लॅपटॉप नेहमीच येणार असतो. दिवाळीला येईल, तेव्हा त्याच्या पुढचा होळीला येणार असेल. तू बी पेरताना पुढच्या वर्षी सुधारित वाण येणार म्हणून रान मोकळं ठेवतोस का?"

"न्हाई."

"मग?"

"पटलं, गुरुजी. एकदम पटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन. "गुरुजी, आज काय बाजार?"

कुंडलिकला सगळं पटतं, हीच त्याची अडचण आहे. भांडणारा माणूस कुठेतरी हरतो. हा प्रत्येक वेळी मान डोलावतो आणि जिथं होता तिथंच बसून राहतो.

वृषाली फारसं बोलायची नाही. परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा ती ओसरीवर आली. पोरं पाढे म्हणत होती. ती म्हणाली, "गुरुजी, मैत्रिणीचा लॅपटॉप माझा म्हणून दाखवला तर?"

"आणि सहा महिने काम कशावर करशील?"

तिनं एका पोराची पाटी पुसून दिली. मग म्हणाली, "बाबा नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, भांडले असते. ते नाही म्हणतच नाहीत. बघू म्हणतात."

मी पोरांना पुढचा पाढा सांगितला.

आणि परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी उमरचा फोन आला. "चाचा, मुबारक हो! कुंडलिकभाऊ खोकं घेऊन गेले. पैसे रोख दिले."

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पोरांना अर्धा तास लवकर सोडलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, सकाळी फोन वाजला नाही. बुधवारी मी जीपनं डिंगोऱ्याला गेलो. म्हटलं, पोरीचा अभ्यास कुठवर आला बघू.

वृषाली ओट्यावर बसून वहीत पेन्सिलीनं नकाशा काढत होती.

"लॅपटॉप कुठं आहे?"

तिनं पेन्सिलीचं टोक बराखीकडे केलं.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मी गेलो आणि बघितलं. जाळीच्या आत, कांद्याच्या थराच्या वर, स्वच्छ गोणपाटावर लॅपटॉपचं खोकं ठेवलं होतं. सील जसंच्या तसं.

कुंडलिक मागून आला. चेहऱ्यावर मोठा आनंद. "हवेशीर जागा हाय, गुरुजी. उंदीर न्हाई, वल न्हाई."

"अरे, पण ते उघडलं का नाहीस?"

"सील फोडलं की माल जुना झाला. उमरभाऊ म्हणला, सील न फोडता आठ दिसात आणलं तर माघारी घीन. तवर काय नवं आलं, भाव उतरला, तर बदलून घ्यायचं. म्हंजी बघा, घेतलं बी आणि थांबलो बी."

मी त्या बराखीशेजारच्या दगडावर बसलो. मुलांच्या चुका मी खूप पाहिल्या आहेत, काही चुका तर इतक्या हुशार असतात की त्यांचं कौतुक करावंसं वाटतं. ही तशी होती. फक्त उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती.

"कुंडलिक, उद्या त्यावर प्रोग्रॅम चढवायचा आहे. सील फोडल्याशिवाय तो कसा चढेल?"

"पटलं," कुंडलिक म्हणाला. "उद्या बघू."

मी वृषालीकडे पाहिलं. ती नकाशात विहीर काढत होती, आणि पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला.

गुरुवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. "गुरुजी, बाबा खोकं घेऊन जुन्नरला निघालेत. कुणीतरी त्यांना सांगितलं की पुढच्या महिन्यात मोठी सूट लागणार आहे. परत करायच्या आठ दिवसांतला आज सातवा आहे. आई आणि मी मागच्या जीपनं येतो."

मी चपला घालून उमरच्या दुकानात पळालो. या वयात पळणं म्हणजे काय ते लिहायला नको. कुंडलिक पोचलेला होता. खोकं काउंटरवर होतं आणि तो उमरला म्हणत होता, "बघ भाऊ, सील शाबूत. कांद्याचा वास बी लागू दिला न्हाई."

उमरनं माझ्याकडे पाहिलं. "चाचा, मी शब्द दिला होता. घ्यावं लागेल."

"नको घेऊस."

"पैसे त्यांचे, माल त्यांचा. मी कसा नाही म्हणू?"

तेव्हा माझा आवाज चढला. चाळीस वर्षांत चढला नव्हता तो एकदम चढला. समोरच्या चहावाल्यानं मान वळवून बघितलं. मी काय बोललो ते आता नीट आठवत नाही. पोरीचं नुकसान, पाच वाजता, मूर्ख, असे शब्द होते एवढं खरं. कुंडलिकनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पटतंय, गुरुजी," तो म्हणाला.

मी खोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि पोरगी येईपर्यंत उचलले नाहीत.

दीडला वृषाली आणि अंजना आल्या. अंजना बाहेरूनच सुरू झाली होती, "दिलं का माघारी? द्या! घर बी देऊन टाका, नवं मॉडेल आल्यावर ऱ्हायला जाऊ!" वृषालीनं आईच्या दंडाला हात लावला. ती कुंडलिकसमोर उभी राहिली. रडत नव्हती. ओसरीवर लहान पोरांना गणित घालताना उभी राहते तशी उभी होती.

"बाबा, मला तारीख सांगा."

"कसली?"

"लॅपटॉप कधी घ्यायचा त्याची. कोणती पण सांगा. दिवाळी, होळी, पुढचं साल. तुम्ही तारीख सांगा, मी उद्याची परीक्षा सोडते आणि थांबते. शपथ."

कुंडलिक हसला. "तारीख कशी सांगता यील? बाजार बघून..."

"मग भाव सांगा. किती खाली आला की घेणार? एक आकडा."

त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं आता आकडा येणार. मी, उमर, अंजना, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तोही, मला वाटतं, आत कुठेतरी शोधत होता. इतकी वर्षं कांदा धरून बसणाऱ्या माणसाला कधी कुणी विचारलंच नव्हतं, किती झाला की सोडशील. त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्याची नजर खोक्यावर गेली, छताकडे गेली, माझ्याकडे आली.

उत्तर माहीत नसलेल्या मुलाला मी नेहमी वेळ देतो. त्या दिवशी दिला तेवढा कधी दिला नसेल.

शेवटी तो म्हणाला, "बघू."

वृषालीनं काउंटरवरची कात्री उचलली आणि सील कापलं.

कर्र असा बारीक आवाज झाला. कुंडलिकनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. उमरनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग चार्जरची वायर भिंतीत खोचली.

पुढचे तीन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. नवं यंत्र सुरू होतं आणि लगेच कामाला लागतं अशी माझी भाबडी समजूत होती. ते आधी भाषा विचारतं, मग नाव, मग स्वतःलाच दुरुस्त करत बसतं. पडद्यावर टक्के दिसत होते. अकरा टक्के. चौदा टक्के. चौदावर वीस मिनिटं.

"हे काय करतंय?" अंजनानं विचारलं.

"अपडेट होतंय, वहिनी," उमर म्हणाला. "कारखान्यातून निघाल्यावर जे नवीन आलं ते घेतंय."

"म्हंजी आठ दिस बराखीत ठेवलं नसतं तर कवाच झालं आसतं?"

उमर खोकला. अंजनानं नवऱ्याकडे पाहिलं. कुंडलिक दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, पण दर पाच मिनिटांनी मान वळवून विचारत होता, "किती झालं?"

"एकसष्ट."

"आता?"

"बाबा, एकसष्टच!"

सव्वाचारला दुकानाचं इंटरनेट गेलं. उमरनं स्वतःच्या मोबाइलचं जोडलं. चार पस्तीसला संस्थेचा प्रोग्रॅम उतरायला लागला. वृषालीनं बोटांची नखं पार कुरतडली होती. चार सत्तेचाळीसला पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली ओळ: आपलं यंत्र परीक्षेसाठी योग्य आहे.

वृषालीनं डोकं काउंटरवर टेकलं. अंजना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी उमरला सगळ्यांसाठी चहा सांगायला लावला.

कुंडलिक उठून आत आला. पडदा वाकून वाचला. "लागलं का?"

"लागलं."

"बरं झालं," तो म्हणाला. त्यानं रिकामं खोकं उचललं, कापलेल्या सीलवरून अंगठा फिरवला आणि काखेत धरलं. "हे तरी नीट ठिवू."

शुक्रवारची परीक्षा वृषालीनं माझ्या ओसरीवर बसून दिली. त्या दिवशी पोरांना मी मागच्या अंगणात न बोलता पाढे लिहायला बसवलं होतं. तीन आठवड्यांनी यादी लागली. पंचवीसमध्ये तिचं नाव अकरावं होतं.

तिनं मला फोन केला तेव्हा म्हणाली, "गुरुजी, कामाला येते म्हणून संस्थेला आधी कळवून टाकलं, बटण दाबलं, आता घरी सांगते."

"आधी का?"

"तुम्हाला कळेलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आठ वाजता फोन वाजला.

"गुरुजी, पोरीचं काम झालं. लई आनंद झाला."

"मलाही झाला, कुंडलिक."

"पर एक इचारायचं व्हतं. त्या संस्थेची दुसरी तुकडी जानेवारीत निघणार हाय म्हंत्यात. त्या तुकडीला पगार जास्ती देतील का हो? तुमचा अंदाज काय?"